प्रमाण कोण ठरवतं?

शाळेत स्तंभालेख काढताना कागदाच्या उजव्या कोपऱ्यात ‘प्रमाण’ लिहावं लागतं: १ सेंमी = अमुक इतकं. विसरलं की गुण गेलेच. मोठेपणी तीच मुलं एक्सेलमध्ये आकडे निवडून बटण दाबतात आणि रंगीत स्तंभ उभे राहतात. प्रमाण प्रोग्रॅमने परस्पर ठरवलेलं असतं. आकड्यांत फरक थोडा असला, तर उभा अक्ष बऱ्याचदा शून्याऐवजी मधूनच सुरू होतो आणि ९५ च्या शेजारचा १०० चा स्तंभ दुपटीहून उंच दिसतो.

हातानं आलेख काढायच्या काळात प्रत्येक रेघ कुणीतरी ठरवून ओढलेली असे. (लबाडी तेव्हाही होत असेल, पण तीही ठरवूनच.) स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये इंग्लंडचा व्यापार रेषांनी दाखवला. स्कॉटलंडचे मात्र एकाच वर्षाचे आकडे हाती होते, रेषा ओढणार कशी? म्हणून त्याने स्तंभ काढले. आज सर्वत्र दिसणारा स्तंभालेख असा नाइलाजातून आला. शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने १८६९ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, नेपोलियनची रशियावरची स्वारी एका पट्ट्यात मांडली. ४,२२,००० सैनिकांचा जाडजूड पट्टा मॉस्कोच्या वाटेवर झिजत जातो. परततो तेव्हा १०,००० ची काळी रेघ उरलेली असते. खाली उतरत्या तापमानाची रेषा. सैन्याची संख्या, जागा, दिशा, थंडी, सगळं एका कागदावर.

मग अवजारं आली. लेलंड विल्किन्सनने १९९९ मध्ये आलेखांचं व्याकरणच लिहिलं: कोणता रकाना अक्षावर, कोणता रंगात. हॅडली विकहॅमच्या जीजीप्लॉट-२ या आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅमने ते संख्याशास्त्रज्ञांच्या हाती दिलं. २०११ मधल्या डी-थ्री या प्रोग्रॅमिंगच्या अवजारामुळे वेबपानावरचे आलेख हलू-बोलू लागले. स्टॅनफर्डच्या संशोधनातून निघालेली, आलेखांचं सॉफ्टवेअर बनवणारी टॅब्लो कंपनी तर २०१९ मध्ये १५.७ अब्ज डॉलरना विकली गेली.

डोळा मात्र जुनाच आहे. कोनापेक्षा एकाच पट्टीवरची जागा माणूस अचूक ताडतो, हे क्लीव्हलंड आणि मॅकगिल यांनी १९८४ मध्येच प्रयोगांनी दाखवलं. तरी कचेऱ्यांमधल्या डॅशबोर्डांवर वर्तुळाच्या फाका सुटत नाहीत, त्याही उगाच त्रिमितीय.

उत्तम काम होतं ते बहुधा साधंच असतं. २०२० मध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’च्या जॉन बर्न-मरडॉकने कोविडचे देशोदेशीचे आकडे लॉग प्रमाणावर मांडले, म्हणजे अक्षावरची प्रत्येक समान पायरी आकडा तितक्याच पटींनी वाढवते. सगळ्या देशांची सुरुवात तारखेनुसार न धरता रुग्णसंख्येच्या ठराविक टप्प्यापासून धरली, त्यामुळे कोण किती वेगाने चढतोय हे चढावरूनच कळे. लॉग प्रमाणाची सवय नसलेल्याला मात्र हीच रेषा खोटा दिलासा देऊन जाई.

आणि २०१८ मधले रेडिंग विद्यापीठाच्या एड हॉकिन्सचे तापमान-पट्टे? वर्षाला एक पट्टा, थंड वर्षं निळी, तापलेली लाल. अक्ष नाही, आकडा नाही, प्रमाणही नाही. शाळेत भोपळाच मिळाला असता. तरी पृथ्वी तापतेय हे एका नजरेत कळतं. किती अंशांनी, ते मात्र कळत नाही. म्हणून या पट्ट्यांच्या संकेतस्थळावर त्याच आकड्यांचे प्रमाणासहित स्तंभही ठेवलेले आहेत.