आकडा दिसला, पण मोजला का?

फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट उसळू लागली ती अमरावती-अकोल्याकडे. २२ फेब्रुवारीला अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. घरोघर एकच विचारणा असे, "ऑक्सिजन किती आला बाप्पा?" ऑक्सिमीटर मिळेना, मिळाला तर परवडेना. मग फुकटचे ॲप आले: कॅमेऱ्यावर बोट ठेवा आणि ऑक्सिजन पाहा. लोकांनी ते घेतले यात आम्हाला अडाणीपणा दिसत नाही. या आजारात धाप लागण्याआधीच ऑक्सिजन घसरलेला असू शकतो. आकडा कळावा ही ओढ रास्तच होती. आमची तक्रार आहे ती आकडा देणाऱ्यांविषयी.

आमच्या परिचयाच्या, अकोल्यातील एका निवृत्त गुरुजींना ॲप सकाळ-संध्याकाळ ९७ दाखवत होते. आशाताईंनी चिमटा लावला, तर ८८. त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात हलवले, म्हणून निभावले.

चिमट्याची युक्ती मोठी सुरेख आहे. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी ती १९७४ मध्ये मांडली. ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश कमी शोषते आणि अवरक्त जास्त. ऑक्सिजन सोडलेल्याचे उलट. हे दोन्ही प्रकाश आळीपाळीने बोटातून पाठवतात. कातडी, हाड, शिरांतले रक्त यांचे शोषण जवळजवळ स्थिर राहते. नाडीबरोबर कमीजास्त होते ते धमनीतल्या रक्ताचे. तेवढाच बदल वेगळा काढून दोन्ही प्रकाशांतले गुणोत्तर घेतले, की ऑक्सिजनचे प्रमाण काढता येते.

आता फोन पाहा. त्याच्या पांढऱ्या दिव्यात अवरक्त प्रकाश जवळजवळ नसतोच. शिवाय बहुतेक कॅमेऱ्यांत अवरक्त अडवणारी गाळणी असते. (टीव्हीचा रिमोट फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबावे. पुढच्या कॅमेऱ्यात पुष्कळदा जांभळट ठिपका दिसतो, मागच्यात बहुधा दिसत नाही. वर्गात जरूर करून पाहावे.) नाडीचे ठोके मोजायला एक रंग पुरतो, म्हणून ते काम फोन बऱ्यापैकी करतो. ऑक्सिजनचे तसे नाही. काही महाग फोनांत यासाठी वेगळा संवेदक असे, त्यांची गोष्ट निराळी. नुसत्या कॅमेऱ्याने मोजलेल्या ऑक्सिजनवर भरवसा ठेवण्याजोगा पुरावा नाही, असे ऑक्सफर्डच्या तज्ज्ञांनी २०२० मध्येच सांगितले होते.

तरीही अशा ॲपांना भरपूर तारे कसे मिळत, हे कोडे आम्हाला काही दिवस सुटेना. मग ध्यानात आले. निरोगी माणसाचा ऑक्सिजन साधारण ९५ ते १०० असतो. काहीही न मोजता जे ॲप सगळ्यांना ९७ सांगेल, ते बहुतेकांच्या बाबतीत बरोबरच ठरेल! ज्याचा ऑक्सिजन घसरला आहे, नेमके त्याच्याच बाबतीत ते चुकेल; आणि तो तारे द्यायला बसत नाही. म्हणून अशा साधनाची परीक्षा घसरलेल्या ऑक्सिजनवर व्हायला हवी.

११ फेब्रुवारी २०२० च्या केंद्रीय अधिसूचनेने सॉफ्टवेअरलाही वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत घेतले. मात्र ॲपवाले बारीक अक्षरांत 'वैद्यकीय वापरासाठी नाही' असे लिहून मोकळे होतात. वर ठळक अक्षरांत ऑक्सिजन आणि खाली हे! रुग्णांना आरोग्याची ॲप हवीशी वाटतात का, अशा पाहण्या निघतात, त्यांत 'आवडले' आणि 'बरोबर होते' यांत फरक केला आहे का, हे आम्ही आधी पाहतो.

सप्टेंबर २०२० मधील 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत खरा ऑक्सिमीटर दारोदार फिरला होता. कितीतरी गावांत शिक्षकही त्या पथकांत होते. आपल्यापैकी काहींनी तो चिमटा कुणाच्या बोटाला लावलाही असेल.

गुरुजींच्या फोनमध्ये ते ॲप अजून आहे. म्हणतात, "ठोके तर बरोबर सांगते ना."