चौक, लय आणि आज्ञावली

संगणकाची आज्ञावली खऱ्या अर्थाने सर्जनशील असू शकते काय, या प्रश्नाचे रूढ नकारार्थी उत्तर असे, की ती साठवलेल्या घटकांची केवळ जुळणी करते. या निकषाची मर्यादा वारली चित्रपरंपरेच्या संदर्भात स्पष्ट होते. साखरशेत ज्या जव्हार-मोखाडा पट्ट्यात येते, तेथील वारली समाजाच्या परंपरेत लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन ही सामग्री ठरलेली. पालघट देवीचे स्थानही ठरलेले. जुळणी म्हणजे सर्जनाचा अभाव असेल, तर या स्त्रियांनाही सर्जनशील म्हणता येणार नाही.

मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराचा आधार घेतल्यास उलट अडचण उद्भवते. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनुसार झालेली रचना एवढीच कसोटी मानली, तर यंत्राने क्षणार्धात काढलेले ‘वारली शैली’चे चित्रही तिला उतरू शकते. पहिला निकष सवाशिणींना वगळतो, तर दुसरा यंत्रालाही सामावून घेतो. दोहोंतही नियम आणि नियम पाळणारा यांचे नाते अविचारित राहते.

मार्गारेट बोडन यांनी संयोगात्मक, अन्वेषक आणि परिवर्तक असे सर्जनशीलतेचे तीन प्रकार मानले. पैकी पहिले दोन आज्ञावलीला नाकारण्याचे कारण नाही. कळीचा प्रश्न तिसऱ्याचा आहे. १९७०च्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी स्त्रियांकडे असलेली ही कला विधीबाहेर, कागदावर आणि कापडावर नेली. हे परिवर्तन केवळ माध्यमाचे नव्हते. विधीतील चौकाविना लग्नाला पूर्णता नाही, हे ज्या समाजाला ठाऊक होते, त्याच्यातच राहून ते घडले. नियम मोडणारा त्या नियमाला बांधलेला होता. म्हणून त्याच्या मोडण्याला अर्थ आला.

आज्ञावलीही नियम बदलू शकेल. तो बदल अपूर्वही असेल. परंतु चौकात देवी राहून गेली, तर तिचे काहीच अडत नाही. अडते ते लग्नघराचे. तिच्या चित्रातील उणीव दुसऱ्या कोणाला तरी ओळखावी लागते. तेव्हा आजच्या आज्ञावलीला नावीन्य नाकारणे अयोग्य, तसेच त्या नावीन्यालाच सर्जन म्हणणेही घाईचे. सर्जनाची कसोटी आकृतीच्या अपूर्वतेइतकीच तिच्या उत्तरदायित्वातही शोधावी लागेल. आणि समीक्षेने केवळ आकृतीकडे पाहण्याची सवय सोडल्याविना ते शक्य नाही.