विमान वाहतूक संस्थांतील एकात्मिक व्यवस्थापन आणि सुरक्षितता : एक चिकित्सा

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१३ साली 'परिशिष्ट १९' लागू करून सुरक्षितता व्यवस्थापनास स्वतंत्र अधिष्ठान दिले. हे व्यवस्थापन गुणवत्ता, पर्यावरण इत्यादी प्रणालींशी जोडल्यास तपासण्यांची व दप्तराची द्विरुक्ती टळते, हे मान्यच करावे लागेल. मात्र गुणवत्ता प्रणाली प्रामुख्याने निकषांची पूर्तता पाहते, तर सुरक्षितता प्रणाली निकषांत न सामावलेला धोकाही शोधते. हा भेद पुसला गेल्यास सुरक्षितता केवळ कागदोपत्री उरते. २००६ साली ब्रिटिश हवाई दलाचे निमरॉड विमान अफगाणिस्तानात कोसळून १४ जण मृत्युमुखी पडले. २००९ च्या हॅडन-केव्ह अहवालाने त्या विमानाच्या सुरक्षितता-परीक्षणातील हेच वैगुण्य दाखविले; खर्चकपातीच्या दडपणाखाली उड्डाणयोग्यतेकडे दुर्लक्ष झाल्याचेही नमूद केले. तात्पर्य, दप्तर एक असावे. परंतु सुरक्षितता अधिकाऱ्याचा सर्वोच्च व्यवस्थापकाशी थेट संपर्काचा अधिकार अबाधित राहिला पाहिजे.