संशयाचा काळ

चिखली तालुक्यातील अमडापूरसारख्या गावातील प्रेक्षकापर्यंत दहशतवाद येतो तो प्रामुख्याने पडद्यावरून. त्यामुळे दूरचित्रवाणीवरील नाट्य हेच त्याच्यापुरते या विषयाचे मुख्य कथन ठरते. अशा मालिकांवर घेतला जाणारा आक्षेप सहसा पात्रांची नावे, दाढी, टोपी आणि उर्दूमिश्रित बोली यांपाशी थांबतो. तो खरा असला तरी अपुरा आहे. कथेत एखादा सज्जन मुस्लिम अधिकारी आणून बसवला की तो निकालात निघतो, आणि ही सोय मालिकाकारांना चांगलीच ठाऊक आहे.

'द फॅमिली मॅन'चे (२०१९) पहिले पर्व या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. मुंबईत शिकणारा करीम तपासयंत्रणेच्या गैरसमजातून मारला जातो आणि मेल्यावर दहशतवादी ठरवला जातो. नायक श्रीकांत तिवारीचा अपराधभाव मालिका प्रामाणिकपणे दाखवते. लोकप्रिय कथनाने स्वतःच्याच साच्याची अशी झडती क्वचित घेतली असेल. परंतु याच पर्वात इस्पितळातला, मवाळ बोलून अधिकाऱ्यांचा विश्वास संपादन करणारा मूसा अखेर कटाचा सूत्रधार निघतो. करीमवरचा अविश्वास चूक ठरला होता. मूसावरचा विश्वास त्याहून महाग पडतो. रहस्यकथेच्या घाटात नंतरचा धक्का आधीच्या शंकेला पुसून टाकतो, आणि प्रेक्षकाच्या हाती उरतो तो जुनाच संशय, आता अधिक सावध झालेला.

म्हणजे साचा पात्रांइतकाच, किंबहुना अधिक, कथनाच्या काळात दडलेला असतो. अमेरिकेतील '२४' या मालिकेने (२००१) घड्याळालाच युक्तिवादाचे रूप दिले. स्फोटाला काही मिनिटे उरली असताना पुरावा मागणारा माणूस अडथळा वाटू लागतो. २०१३ मध्ये अनिल कपूर यांना नायक करून तिचे हिंदी रूप आले, तेव्हा हे घड्याळही सोबत आले.

मालेगावचा काळ निराळा आहे. ८ सप्टेंबर २००६ च्या स्फोटांनंतर नऊ मुस्लिम पुरुषांना अटक झाली. त्यांतील बहुतेकांना जामीन मिळाला तो २०११ मध्ये, आणि विशेष न्यायालयाने आरोपींना दोषमुक्त केले ते २०१६ मध्ये. या दहा वर्षांत नाट्याच्या अर्थाने फारसे काही 'घडत' नाही: तारखा पडतात, अर्ज फेटाळले जातात, घरची माणसे हेलपाटे घालतात. कादंबरीला असा रेंगाळणारा काळ परका नाही. घड्याळावर चालणाऱ्या मालिकेला मात्र तो एका भागातही बसवता येत नाही. तिच्या लेखी करीमच्या मरणानंतरचा काळ म्हणजे पुढच्या कटाची सुरुवात.