अस्त्राचा प्रयोग आणि अस्त्राचा उपसंहार

‘उपसंहार’ हा शब्द आम्ही अध्यापक मंडळी नित्य वापरतो. प्रतिपादन संपले, आता चार वाक्यांत आवराआवर करावयाची, एवढाच त्याचा अर्थ आमच्या विद्यार्थ्यांच्या मनात असतो. या शब्दाला याहून जुना आणि याहून कठोर असा एक अर्थ आहे. सोडलेले अस्त्र परत घेणे म्हणजे उपसंहार. प्राचीनांच्या कल्पनेत अस्त्रविद्येची दोन अंगे होती, प्रयोग आणि उपसंहार. पहिले येते आणि दुसरे येत नाही, तो अर्धशिक्षित. आणि अर्धशिक्षिताच्या हातातले अस्त्र हे शत्रूच्या हातातल्या अस्त्राहूनही भयंकर, असे महाभारतकाराचे मत दिसते.

आपल्या देशात अण्वस्त्राविषयी जो वाद गेली साठ वर्षे चालला आहे, त्याकडे या शब्दाच्या उजेडात पाहावे असा आमचा विचार आहे. आम्ही युद्धशास्त्राचे जाणकार नव्हे. परंतु वाद शब्दांनी होतो, आणि शब्दांची पारख हे तर आमचे काम आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की या वादात दोन्ही पक्षांनी प्रयोगाचाच विचार केला, उपसंहाराचा फारच थोडा केला. आणि ज्या साहित्याकडून ही उणीव भरून निघावयाची, त्यानेही ती पुरतेपणी भरून काढली नाही.

प्रथम वादाची भाषा पाहू. 16 ऑक्टोबर 1964 रोजी चीनने लोप नोर येथे पहिला अणुस्फोट केला. त्यानंतर आठच दिवसांनी डॉ. होमी भाभा यांनी आकाशवाणीवरून भाषण केले. त्यांचा कल निःशस्त्रीकरणाकडे होता. तथापि लोकांच्या ध्यानात राहिली ती त्यांनी दिलेली किंमत. 10 किलोटनांच्या स्फोटाला 17.5 लाख रुपये. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोकसभेत वाद झाला तेव्हा हे स्वस्ताईचे गणित बॉम्बच्या पुरस्कर्त्यांना आयतेच हाती मिळाले. लाल बहादुर शास्त्री यांनी अस्त्राला नकार दिला, परंतु शांततेच्या कामासाठी स्फोटाची वाट मात्र मोकळी ठेवली. पुढे 18 मे 1974 रोजी पोखरणला जो स्फोट झाला त्याला ‘शांततामय अणुस्फोट’ असे अधिकृत नाव मिळाले, आणि ‘बुद्ध हसला’ हा सांकेतिक शब्द जनमानसात रुजला. 11 आणि 13 मे 1998 रोजी पाच चाचण्या झाल्या, तेव्हा नाव ‘शक्ती’ झाले. किंमत, शांतता, बुद्ध, शक्ती. या चार शब्दांत चौतीस वर्षांचा प्रवास आहे, आणि त्यांपैकी एकही शब्द जळलेल्या माणसाविषयी काही सांगत नाही.

सीमेपलीकडेही हेच घडले. आमच्या क्षेपणास्त्राचे नाव ‘पृथ्वी’, ते पंचमहाभूतांतले. पलीकडच्या कानांना मात्र त्यात पृथ्वीराज चौहान ऐकू आला. 6 एप्रिल 1998 रोजी पाकिस्तानने ज्या क्षेपणास्त्राची चाचणी घेतली त्याचे नाव ‘घौरी’, म्हणजे 1192 साली तराईच्या रणांगणावर पृथ्वीराजाला हरवणारा. एका श्लेषाने आठशे वर्षांपूर्वीचे युद्ध पुन्हा उभे केले. भारताने बॉम्ब केला तर गवत खाऊ पण आम्हीही करू, या आशयाचे झुल्फिकार अली भुट्टो यांचे 1965 सालचे उद्गार प्रसिद्ध आहेत. गवताची भाकरी खाणाऱ्या राणा प्रतापाची कथा ज्यांनी लहानपणी ऐकली आहे, त्यांना या उद्गारातला अभिमान परका वाटणार नाही. दोन्ही बाजूंची प्रतिमासृष्टी एकच आहे. वैर एका भाषेत चालते, म्हणूनच ते इतके चिवट.

या प्रतिमासृष्टीत महाभारताचा उपयोग दोन प्रकारांनी होतो, आणि आमच्या मते ते दोन्ही प्रकार चुकीचे आहेत. पहिला प्रकार अभिमानाचा: ब्रह्मास्त्र म्हणजे अणुबॉम्बच, तो आमच्या पूर्वजांना ठाऊक होता. हे विज्ञान तर नव्हेच, पण वाचनही नव्हे. कारण ज्या पर्वात हे अस्त्र सर्वांत भीषण रूपाने येते ते पर्व वाचून कोणाही वाचकाची मान ताठ होणार नाही. दुसरा प्रकार अधिक प्रतिष्ठित आहे. 1945 सालचा पहिला अणुस्फोट पाहताना आपल्याला भगवद्गीतेतील विश्वरूपदर्शनाची आठवण झाली, असे रॉबर्ट ओपेनहायमर यांनी पुढे सांगितले, आणि तेव्हापासून गीतेचा अकरावा अध्याय हे जणू अणुस्फोटाचे आभूषण झाले. परंतु त्या अध्यायात संहार करणारा साक्षात काळ आहे. माणूस केवळ निमित्त. बॉम्ब करणाऱ्या माणसाला याहून सोयीस्कर प्रसंग संस्कृत वाङ्मयात मिळाला नसता. या विषयाशी ज्या प्रसंगाचे खरे नाते आहे तो दहाव्या पर्वात, सौप्तिकात आहे. तेथे अस्त्र सोडणारी दोन माणसे आहेत, आणि जबाबदारी त्यांचीच आहे.

तो प्रसंग पुन्हा एकदा पाहण्यासारखा आहे. द्रोणांनी ब्रह्मशिर अस्त्र अर्जुनाला आनंदाने दिले. मुलाला दिले ते त्याच्या हट्टामुळे आणि मनाविरुद्ध, माणसांवर कधीही न सोडण्याची ताकीद देऊन. याच्याच जोडीला व्यासांनी एक उपकथा सांगितली आहे. अश्वत्थामा एकदा द्वारकेस गेला आणि आपले अस्त्र घेऊन त्याबदली सुदर्शन चक्र द्यावे असे कृष्णाला म्हणाला. कृष्णाने ‘घे’ म्हटले. चक्र त्याला उचलता येईना. डाव्या हाताने नाही, उजव्यानेही नाही. मग कृष्णाने विचारले, हे घेऊन तू कोणाशी लढणार होतास? उत्तर आले: तुझी पूजा करून तुझ्याशीच, म्हणजे मी अजिंक्य झालो असतो. अस्त्र कशासाठी हवे, या प्रश्नाला इतके प्रामाणिक उत्तर 1964 पासूनच्या कोणत्याही सभागृहात कोणी दिल्याचे आम्हांस आठवत नाही.

मग ती रात्र. झोपलेल्यांची कत्तल, द्रौपदीच्या पाच मुलांचा वध. पाठलाग होताच गंगाकाठी ऋषींच्या मेळ्यात बसलेल्या अश्वत्थाम्याने गवताची एक काडी उचलली आणि पांडवांच्या निःपातासाठी सोडली. कृष्णाच्या सांगण्यावरून अर्जुनानेही अस्त्र सोडले. पण त्याने प्रथम गुरुपुत्राचे कल्याण चिंतले, मग स्वतःचे आणि भावांचे, आणि अस्त्राने अस्त्र शांत व्हावे एवढीच इच्छा धरली. आजच्या भाषेत, हे धाकापुरते अस्त्र होते. नारद आणि व्यास मध्ये उभे राहिले. येथे व्यासांच्या तोंडी असे वचन आहे की जेथे एका ब्रह्मशिराला दुसरे थोपवते त्या देशात बारा वर्षे पाऊस पडत नाही. 2007 साली काही हवामानशास्त्रज्ञांनी भारत-पाकिस्तान युद्धात हिरोशिमाच्या आकाराचे 100 बॉम्ब पडले तर काय होईल याचे गणित मांडले, आणि धुराने सूर्यप्रकाश अडून जगभर थंडी पसरेल व पाऊस घटेल असा निष्कर्ष काढला. हे साम्य दाखवून आम्हांला पूर्वजांचे भाकीत सिद्ध करावयाचे नाही. कवीच्या बुद्धीला एवढे कळले होते की दोन अस्त्रे भिडली म्हणजे न लढणारी जमीन भरडली जाते. हे कळण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

आणि या प्रसंगाचा खरा गाभा पुढेच आहे. अर्जुन अस्त्र मागे घेण्यास सिद्ध झाला तेव्हा तो भोळा नव्हता. मी हे आवरले की हा पापी आम्हां सर्वांना जाळील, असे तो ऋषींना स्पष्ट सांगतो. एकतर्फी संयमाविरुद्ध आज जो युक्तिवाद केला जातो तो हाच, आणि तो महाभारतात खुद्द अर्जुनाच्या मुखी आहे. तरीही त्याने अस्त्र आवरले. अश्वत्थाम्याला ते साधेना. त्याने मणी दिला आणि अस्त्र पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवले. उत्तरेचे मूल मेलेलेच जन्मले. कृष्णाने त्याला जिवंत केले म्हणून वंश राहिला. उपसंहार फुकट होत नाही, हे व्यासांनी लपवले नाही. आणि ज्याला उपसंहार येत नाही त्याचे अस्त्र कोठे जाऊन पडते, हेही नाही: ते अजून न जन्मलेल्यांवर पडते.

आता साहित्याचा हिशेब. धर्मवीर भारती यांचे ‘अंधा युग’ हे 1954 साली प्रसिद्ध झालेले हिंदी काव्यनाट्य या विषयावरची आपल्याकडील सर्वांत समर्थ कृती, यात शंका नाही. 1962 साली मुंबईत सत्यदेव दुबे यांनी आणि 1963 साली दिल्लीत फिरोजशहा कोटल्याच्या भग्नावशेषांत इब्राहिम अल्काझी यांनी ते उभे केले. भारतींच्या व्यासांचा इशारा येणाऱ्या पिढ्यांच्या विकृत देहांपर्यंत पोहोचतो. हिरोशिमानंतरच्या कवीखेरीज कोणाला ते तसे लिहिता आले नसते. पण या नाटकाचा सारा प्रकाश अश्वत्थाम्यावर आहे. युधिष्ठिराच्या अर्धसत्याने त्याच्यातला माणूस कसा मेला, हे भारती इतक्या समजुतीने दाखवतात की प्रेक्षक त्याच्या जखमेत गुंततो. अर्जुनाने अस्त्र आवरणे हा या कथेतला सर्वांत अवघड क्षण; तो मात्र ओझरता जातो. संहार नाट्यमय असतो, संयम नसतो, ही नाटककाराची अडचण आम्हांस कळते. तरीही ती उणीवच.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये द्रोण आणि अश्वत्थामा यांचा विचार ‘परधर्मो भयावहः’ या प्रकरणात केला आहे. भाबडी भक्ती दूर सारून या पितापुत्रांकडे पाहण्याचे धैर्य त्या लेखनात आहे, आणि मराठी वाचकावर त्याचा उपकार मोठा आहे. परंतु प्रकरणाच्या नावातच त्यांचा निदानविचार आला: जो आपला धर्म सोडून दुसऱ्याच्या धर्मात शिरला त्याचे हे असे होते. आम्हांस वाटते की दोष येथे संपत नाही. अर्जुन स्वधर्मातच होता आणि अस्त्र त्यानेही सोडले. दोघांतला भेद वर्णाचा नाही, विद्येच्या पूर्णतेचा आहे. अरुंधती रॉय यांच्या 1998 सालच्या ‘द एन्ड ऑफ इमॅजिनेशन’ या निबंधाविषयीही थोडे निराळे पण असेच म्हणता येईल. त्यातला नकार निर्भय आहे. पण नकार हा अस्त्र सुटण्यापूर्वीचा शब्द आहे. अस्त्र घडल्यावर काय करावयाचे, या प्रश्नाशी तो निबंध फार वेळ थांबत नाही.

याला विरोधकांचे उत्तर असे की 1998 नंतर या उपखंडात अण्वस्त्र वापरले गेले नाही. म्हणजे धाक यशस्वी झाला. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चीनच्या बॉम्बपुढे निःशस्त्र उभे राहणे हेही सोपे धोरण नव्हते. परंतु युद्ध थांबले, असे मात्र म्हणता येत नाही. फेब्रुवारी 1999 मध्ये लाहोरचा जाहीरनामा झाला आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कारगिल झाले. मे 2025 मध्ये चार दिवस दोन्ही बाजूंनी क्षेपणास्त्रे आणि ड्रोन उडाले. ही युद्धे मर्यादेत राहिली ती प्रत्येक वेळी कोणी तरी मर्यादा पाळली म्हणून. कारगिलमध्ये आमच्या वैमानिकांना नियंत्रणरेषा न ओलांडण्याचा हुकूम होता. अस्त्राचे श्रेय म्हणून जे मोजले जाते त्यातला मोठा वाटा उपसंहाराचा आहे.

आणि ते ज्ञान किती तोकडे आहे हे 9 मार्च 2022 रोजी दिसले. देखभालीच्या वेळी झालेल्या चुकीने भारताचे एक क्षेपणास्त्र सुटले आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ जाऊन पडले. त्यावर स्फोटक अस्त्र नव्हते, कोणी मेले नाही, आणि पलीकडून उलट प्रहार झाला नाही. आमच्या सरकारने दोन दिवसांनी खेद व्यक्त केला. पुढे तीन अधिकारी बडतर्फ झाले. सुटलेले अस्त्र परत बोलावता आले नाही. त्या दिवशी उपसंहार केला तो प्रत्युत्तर न देणाऱ्यांनी.

म्हणून आम्हांस वाटते की या वादात ज्या गोष्टी रुक्ष म्हणून वगळल्या जातात त्यांनाच मान द्यावा. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार 31 डिसेंबर 1988 रोजी झाला, आणि 1992 पासून दर वर्षी 1 जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देत आले आहेत. युद्धाच्या वर्षांतही हा रिवाज मोडलेला नाही. प्रथम वापर न करण्याचे धोरण भारताने 2003 साली अधिकृतपणे घोषित केले. 2005 च्या करारान्वये क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांची आगाऊ सूचना दिली जाते. यांवर कोणी काव्य लिहिलेले नाही. पण गंगाकाठी दोन अस्त्रांच्या मध्ये उभे राहणारे ऋषी आज कोठे शोधावयाचे, तर ते या कागदांत.

आमच्या निमाडात असीरगडच्या शिवमंदिरात अश्वत्थामा अजून फुले वाहून जातो अशी दंतकथा आहे. कपाळाच्या जखमेसाठी तो दारोदार तेल मागतो असेही म्हणतात. आणि कित्येक मराठी घरांत अंगाला तेल लावण्यापूर्वी दोन थेंब त्याच्या नावाने जमिनीवर टाकतात. लोकांनी त्याला क्षमा केली नाही, पण तेलही नाकारले नाही. ही दया थोर आहे. तथापि अर्जुनाच्या नावाने, त्याने हात आवरला म्हणून, आपण एकही थेंब टाकत नाही. वर्गात महाभारत शिकवताना आम्ही मत्स्यवेध शिकवतो, गीता शिकवतो, आणि सौप्तिक पर्वापाशी आलो की तास संपतो. तो तास संपू न देणे, निदान एवढे तरी आपल्या हाती आहे.