मुदपाकखान्यातला भीम

भीम म्हटला की डोळ्यांपुढे आधी गदा येते आणि तिच्या मागोमाग भाताचा गाडा. लहानपणी देवळात कीर्तनाला बसलो असताना बकासुराचे आख्यान लागले की आम्ही मुले सरसावून बसत असू. पाठीवर राक्षसाचे गुद्दे बसताहेत आणि भीम मात्र मागे वळून न पाहता जेवतो आहे, हे बुवा असे काही करून दाखवीत की सारी मंडळी हसून लोटपोट होत. ज्येष्ठातल्या निर्जला एकादशीला आपण भीमसेनी म्हणतो, तेही त्याच्या भुकेवरूनच. वर्षभराच्या एकादश्या त्याला झेपेनात, म्हणून एकच कडक करून त्याने सगळ्यांचे पुण्य पदरात पाडून घेतले. थट्टा प्रेमाची आहे, नाही असे नाही. पण या हसण्यात एक मोठा माणूस आपल्या हातून निसटला, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

मराठी वाचकाने आपली करुणा वाहिली ती कर्णाला. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली आणि घरोघर वाचली गेली. पुढे रणजित देसाईंची ‘राधेय’ आली. कर्णाचे दुःख खरे आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. परंतु द्यूतसभेत काय घडले ते एकदा मूळ सभापर्वातून वाचावे. द्रौपदीला कुलटा ठरवून तिची वस्त्रे काढून घ्यायला सांगणारा कर्ण आहे, आणि तिच्या पाच पतींपैकी त्या वेळी संतापून उठणारा एकटा भीम आहे. जुगाऱ्यांच्या घरी वेश्या असतात, पण तेसुद्धा त्यांना पणाला लावीत नाहीत, असे तो थोरल्या भावाला तोंडावर सुनावतो आणि त्याचे हात जाळण्यासाठी सहदेवाला अग्नी आणायला सांगतो. अर्जुन त्याला आवरतो. वडील भावाचा मान राखावा, धर्म सोडू नये, असे समजावतो. अर्जुन शास्त्राला धरून बोलला. पण त्या क्षणी सभेत उभी असलेली बायको ज्याला दिसत होती, तो भीमच.

भीम खरा कळतो तो विराटपर्वात. अज्ञातवासात हा वीर बल्लव नावाने विराटाच्या मुदपाकखान्यात आचारी झाला आहे. भर सभेत कीचक द्रौपदीला लाथ मारतो. धर्मराज तिथेच कंकाच्या वेषात बसला आहे; तो भीमाला खुणेने थोपवतो, कारण ओळख पटली तर पुन्हा वनवास. त्या रात्री द्रौपदी कोणाकडे जाते? अर्जुन तर त्याच राजवाड्यात, राजकन्येला नाच शिकवतो आहे. ती जाते मुदपाकखान्यात, झोपलेल्या भीमाला उठवते आणि मनातले सगळे बोलून टाकते. एके काळी कुंतीखेरीज कोणासाठी उटणेही न वाटलेली ही राणी आता विराटासाठी चंदन उगाळते आहे. ती आपले हात त्याच्यापुढे धरते. ते सुजले आहेत, त्यांना घट्टे पडले आहेत.

भीम ते हात आपल्या तोंडाशी नेतो आणि रडतो.

भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यातही हा श्लोक आहे. मागाहून कोणा हळव्या कवीने घुसडलेला तो नव्हे. पुढे भीम आपल्या बाहुबलाचा धिक्कार करतो. अर्जुनाच्या गांडीवाचाही करतो. घट्टे पडलेल्या त्या दोन हातांपुढे त्याला सगळा पराक्रम फुकट वाटतो. महाभारतात शोक पुष्कळांनी केला आहे, मोठमोठ्याने केला आहे. पण बायकोच्या हाताचे घट्टे पाहून रडलेला असा दुसरा वीर मला तरी आठवत नाही.

आपल्या लक्षात मात्र राहिला तो दुसऱ्या दिवशीचा नृत्यशाळेतला अंधार आणि कीचकाचा झालेला गोळा. यात खाडिलकरांचाही वाटा आहे. १९०७ साली ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले तेव्हा प्रेक्षकांनी कीचकात कर्झन, धर्मराजात मवाळ आणि भीमात जहाल ओळखले. सरकारनेही ओळखले, आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. त्या काळाला मूठ हवी होती, तिने आपले काम चोख केले. पण ती वेळ सरली तरी आपण मूठच धरून बसलो. तिकडे मल्याळममध्ये एम. टी. वासुदेवन नायर यांनी १९८४ साली ‘रंडामूळम्’ लिहून भीमाला स्वतःची कथा स्वतः सांगायला लावले. आपल्याकडे कर्णाला मिळाला तेवढा मान भीमाला मिळाला नाही.

मी त्याला धुऊन पुसून देव्हाऱ्यात बसवायला निघालो आहे, असे मात्र कोणी समजू नये. दुःशासनाचे रक्त त्याने तोंडाला लावले. ते दात-ओठांच्या पलीकडे गेले नाही, असे तो पुढे गांधारीला सांगतो, आणि त्या सांगण्यातली लाज मला खरी वाटते. पण आश्रमवासिक पर्वातला भीम माझ्याने सोसवत नाही. युद्धाला पंधरा वर्षे होऊन गेली आहेत, आंधळा म्हातारा वनात जायला निघाला आहे आणि मेलेल्या मुलांच्या श्राद्धासाठी द्रव्य मागतो आहे. भीम नको म्हणतो. शेवटी धर्म आणि अर्जुन आपल्या वाट्यातून देतात. ज्याला द्रौपदीच्या हातांचे घट्टे दिसले, त्याला हे दुःख दिसू नये! द्यूतसभा तो अखेरपर्यंत विसरला नाही, एवढेच त्याचे कारण असावे. मला ते पुरेसे वाटत नाही.

आणि तरीही महाप्रस्थानाच्या वाटेवर मन पुन्हा त्याच्याकडेच ओढ घेते. द्रौपदी पहिली पडते. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये ग्रंथापलीकडची कल्पना करून भीमाला तिच्याजवळ थांबवले आहे, वाचताना वाटते की हे व्यासांच्या हातून राहूनच गेले होते. मूळ कथेत तो थांबत नाही, पण विचारतो: हिने तर कधी अधर्म केला नाही, मग ही का पडली? मग सहदेव पडतो, नकुल पडतो, अर्जुन पडतो. प्रत्येकासाठी भीम विचारतो आणि धर्मराज प्रत्येकाचा दोष सांगत पुढे चालतो. शेवटी भीम स्वतः कोसळतो. त्याच्यासाठी विचारणारे कोणी उरलेले नाही, म्हणून पडल्यापडल्या तोच विचारतो: राजा, मी तुझा लाडका, मी का पडलो?

तू फार खाल्लेस आणि आपल्या बळाची फुशारकी मारलीस, असे सांगून धर्मराज मागे न पाहता निघून जातो.