‘सुपर कॉन्ट्रा’ : एका उत्तरभागाचे आकर्षण
(विशेष संदर्भ : शहापूर व मुरबाड तालुके)

प्रस्तावना :

मराठी समीक्षेने नाटक, चित्रपट, तमाशा, दशावतार अशा दृश्यकलांची वेळोवेळी दखल घेतली आहे. दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमकडे मात्र ती पोरांचा वेळ दवडण्याचा उद्योग म्हणूनच पाहत आली. १९९० नंतरच्या दोन दशकांत ग्रामीण भागात वाढलेल्या पिढीतील अनेकांना आरंभ, चढती गुंतागुंत आणि शेवट असलेली, आपल्या हातांनी पुढे न्यावयाची कृती प्रथम याच खेळांत भेटली. तेव्हा या खेळांच्या रचनेचा विचार करणे हे समीक्षेचेच काम ठरते.

प्रस्तुत लेखात कोनामी या जपानी कंपनीच्या ‘सुपर कॉन्ट्रा’ या खेळाचा विचार केला आहे. १९८७ च्या ‘कॉन्ट्रा’चा हा उत्तरभाग होय. नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रावर तो १९८८ मध्ये आला आणि निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर १९९० मध्ये. अमेरिकेत त्याचे नाव ‘सुपर सी’ असे ठेवण्यात आले. पडद्यावरील दृश्य आडवे सरकत जाते व खेळाडू धावत, उड्या मारत, गोळ्या झाडत पुढे जातो, अशी या खेळांची मूळ जात. पहिला खेळ हाताशी असताना दुसरा का खेळावासा वाटावा, एवढाच येथे प्रश्न आहे.

यादीतील क्रम :

शहापूर मुंबई-आग्रा मार्गावरचे, आसनगावचे रेल्वे स्थानक जवळ असलेले. मुरबाड माळशेज घाटाच्या वाटेवरचे, त्या काळी रेल्वे नसलेले. दोन्ही तालुक्यांना मोठ्या खरेदीसाठी कल्याण-उल्हासनगरची बाजारपेठ. आपल्याकडे निन्टेन्डोच्या यंत्राच्या स्वस्त नकलाच सर्रास खेळल्या गेल्या. लोक त्यांना ‘टीव्ही गेम’ किंवा नुसते ‘व्हिडिओ गेम’ म्हणत आणि त्यात घालावयाच्या चौकोनी डबीला ‘कॅसेट’. ही कॅसेट बहुधा अनधिकृत असे. तिच्याबरोबर माहितीपुस्तिका नसे. कथानकाचा परिचय नसे. कोणता खेळ आधीचा, कोणता नंतरचा हेही कोणी सांगत नसे.

याहून गमतीची गोष्ट म्हणजे ‘९९९९ इन १’ असे मिरवणाऱ्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मोजकेच खेळ असत. तेच खेळ वेगवेगळ्या नावांनी, कधी पुढच्या टप्प्यापासून, कधी वेगळी बंदूक हाती देऊन, यादीत पुन्हा पुन्हा मांडलेले असत. परिणामी खरा उत्तरभाग आणि खोटा आकडा यांत भेद करणे खेळणाऱ्यावरच येऊन पडे. परग्रहावरचा शत्रू पुन्हा आला आहे आणि बिल व लान्स हे सैनिक त्याच्याशी पुन्हा लढत आहेत, ही कथा येथे फारच थोड्यांना ठाऊक असावी. ‘सुपर कॉन्ट्रा’ हा पहिल्याचाच पुढचा भाग आहे हे येथे ओळखले ते अंगठ्याने. तीच उडी, तोच आडवा पडून नेम धरण्याचा डाव, तीच ‘एस’ अक्षराची पसरट गोळ्यांची बंदूक. आणि तरीही सरावलेला हात चुकतो. उत्तरभागाची याहून चांगली कसोटी छापील पुस्तिकेने दिली असती असे वाटत नाही.

औदार्य आणि त्याची काटछाट :

दोन्ही खेळांत आरंभी ३ जीव मिळतात व एका गोळीने एक जीव जातो. मात्र घरगुती ‘कॉन्ट्रा’त आरंभीच्या पडद्यावर कळांचा ठरावीक क्रम दाबला असता ३० जीव मिळत. ‘सुपर कॉन्ट्रा’त हा क्रम चालत नाही. तेथे क्रम वेगळा आहे आणि मिळणारे जीव आहेत १०.

आपल्या भागातील मुलांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नव्हती. शहापूर-मुरबाडच्या गावोगावी कबड्डी रुजलेली आहे आणि कबड्डीच्या जुन्या प्रकारांत ‘संजीवनी’, ‘गामिनी’ व ‘अमर’ असे तीन भेद सांगितले जातात. संजीवनीत बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच पुन्हा उठतो. गामिनीत संपूर्ण संघ बाद होईपर्यंत त्याला बाहेरच बसावे लागते. अमरमध्ये तो बाद होऊनही मैदानातच राहतो, गुण तेवढा जातो. ३० जीवांचा ‘कॉन्ट्रा’ अमर कबड्डीच्या जवळ जातो. त्यात मरणाला फारशी किंमत उरत नाही. १० जीवांचा उत्तरभाग गामिनीकडे झुकतो : पहिल्या तीन टप्प्यांत केलेला निष्काळजीपणा सातव्यात वसूल केला जातो. खेळाडू आता नवशिका नाही, त्याला एवढे औदार्य लागत नाही, असा विश्वास या काटछाटीमागे दिसतो. माझ्या मते ‘सुपर कॉन्ट्रा’च्या आकर्षणाचे मर्म येथेच आहे. बहुतेक उत्तरभाग अधिक देऊन रिझवतात. हा कमी देऊन बोलावतो.

रचनेतील नवेपणा :

अर्थात त्याने नवे काहीच दिले नाही असे नाही. नाण्याच्या यंत्रावर ५ टप्पे होते, घरगुती आवृत्तीत ८ झाले. जमिनीला चढउतार आले, त्यामुळे सपाटीवर बसलेला नेम उतारावर फसू लागला. पहिल्या खेळात हिणकस मानली जाणारी ‘एफ’ ही आगीची बंदूक कळ दाबून धरल्यास मोठा गोळा फेकू लागली. टाकाऊ ठरलेल्या हत्याराला अशी प्रतिष्ठा देणे ही उत्तरभागकाराची उत्तम जाण म्हणावी लागेल. याउलट दुसऱ्या व सहाव्या टप्प्यात दृश्य वरून दाखविण्याचा प्रयोग मला फिका वाटतो. पहिल्या खेळात त्या जागी पाठीमागून पाहिलेले, खोल आत जाणारे तळ होते. त्यांतील दडपण येथे उरत नाही, उडीही नाहीशी होते.

एक पडदा, दोन गडी :

हा खेळ दोघांनी मिळून खेळण्यात त्याची खरी रंगत आहे. दोघांना मिळून एकच चौकट. पहिल्या खेळातील धबधब्याच्या टप्प्यात पुढचा वर चढत गेला की पडदा सरके आणि खाली राहिलेला हकनाक मरे. भांडणे तेथूनच सुरू होत. ‘एस’ कोणी घ्यायची हा दुसरा तंटा, कारण मरताच हातचे हत्यार जाते व साधी बंदूक उरते. जीव कमी असलेल्या उत्तरभागात हा तंटा अधिक गंभीर होतो. ज्याचा जीव सारखा जातो त्याला ‘एस’ द्यावी की जो ती टिकवील त्याला, हा प्रश्न दहा-बारा वर्षांची मुले मोठ्या तत्परतेने व पुष्कळ आरडाओरड करून सोडवीत. मुलींच्या हाती मात्र ही कळफळी क्वचितच येई, आणि ज्या पाड्यांवर वीजच नव्हती तेथे हा खेळ पोहोचलाच नाही. म्हणूनच ‘एका पिढीचा खेळ’ असे सरसकट म्हणणे मला उचित वाटत नाही.

भारनियमन :

या खेळात प्रगती साठवून ठेवण्याची सोय नव्हती. सराईत खेळाडू आठही टप्पे अर्ध्या तासाच्या आत संपवतो. शिकाऊ मात्र तेवढ्या वेळात चौथ्यापर्यंतही जात नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन तासन्‌तास चाले. वीज गेली की सातव्या टप्प्यावरचा सैनिकही पुन्हा पहिल्या टप्प्यावर येई. त्यामुळे आरंभीचे टप्पे हातात मुरत. शत्रू कोठून येणार हे न पाहताच कळू लागे आणि पाठांतरासारखी एक लय तयार होई. अपुऱ्या विजेने या खेळाचे नुकसान केले हे खरे, परंतु त्याची घट्ट वीण जाणवली तीही या सक्तीच्या पुनरावृत्तीमुळे.

कोनामीने २०१९ मध्ये काढलेल्या ‘कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन’ या संचात ‘सुपर सी’ समाविष्ट आहे आणि त्यात हव्या त्या क्षणी खेळ साठवून ठेवता येतो. उतारावरचा नेम चुकला की मागे जावे, पुन्हा झाडावे. तेथे १० आणि ३० हे आकडे सारखेच होतात.